चार नंबरची पिशवी

प्लॅस्टिकच्या पिशवीवर माझ्या साडूंइतकं निस्सीम प्रेम करणारा माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही, आणि पुण्यात जे सापडत नाही ते बाहेर शोधायची आम्हाला सवय नाही. लोक बायकोवर प्रेम करतात, नातवंडांवर करतात, गेला बाजार एखाद्या जुन्या स्कूटरवर तरी करतात. साडूंचा जीव जडला तो पिशवीवर. लग्नाला गेले की नवरा-नवरीचं तोंड बघायच्या आधी ते आहेराच्या खोक्यावरचा चकचकीत कागद दोन बोटांत धरतात, कानाशी नेतात आणि चुरगळतात. त्या आवाजावरून म्हणे तो कशाचा बनलाय ते कळतं. एकदा फरसाणाच्या दुकानात मी चिवड्याची चव बघत होतो, तेव्हा हे गृहस्थ पाकिटाचा कोपरा ताणून बघत होते. दुकानदाराला म्हणाले, "चिवडा उत्तम आहे हो तुमचा, पण पिशवीतून हवा आत जातेय. आठ दिवसांत मऊ पडेल." दुकानदार मान वर न करता म्हणाला, "आठ दिवस ठेवायला सांगितलंय कुणी? आज खा." साडूंना राग आला नाही. त्यांनी ते पाकीट विकत घेतलं, चिवडा मला दिला आणि पिशवी खिशात घातली.

मला या माणसाची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळा लाजेचाच विषय आहे. आमच्याकडे सत्यनारायण होता. शिऱ्याचा प्रसाद छोट्या पिशव्यांत भरून ठेवला होता. कथेचा तिसरा अध्याय चालू असताना साडूंनी त्यातली एक रिकामी पिशवी उचलली, तिचा कोपरा निरांजनावर धरला, पेटल्यावर फुंकर घालून विझवला आणि डोळे मिटून हुंगला. "मेणबत्तीचा वास," ते समाधानाने म्हणाले. "पॉलिथीन. चांगलं आहे." गुरुजी पोथीवर बोट ठेवून थांबले आणि मला म्हणाले, "यजमान, हा विधी आमच्या पोथीत नाही." माझे निम्मे सहकारी त्या दिवशी घरी आले होते. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मला कशाकशाचा वास घ्यायला लावला, ते विचारू नका. पुढे आमच्या सोसायटीत मी हौसेने कापडी पिशव्यांची मोहीम काढली. गच्चीवर सभा भरवली आणि पाहुणे म्हणून आलेल्या साडूंना मागच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. सभेच्या शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" असं मी म्हणालो मात्र, साडू उभे राहिले. "पिशवी वाईट नसते. एकदा वापरून फेकणारा वाईट असतो. कापडाच्या पिशवीत कोथिंबीर ठेवून बघा, तिसऱ्या दिवशी गाईला घालावी लागेल." आणि खिशातून एक जुनी, धुऊन घडी केलेली पिशवी काढून त्यांनी सभेला दाखवली. ती अकरा वर्षं वापरात होती. कुणीतरी मला विचारलं, "हे आपले कोण?" मी म्हणालो, "आमच्या मिसेसकडचे आहेत."

साडूंनी सगळी नोकरी पिशव्यांचं पातळ प्लॅस्टिक बनवणाऱ्या एका कारखान्यात केली. निवृत्त झाल्यावर माणसं हास्यक्लबात जातात. यांनी धायरीच्या पुढे एक पत्र्याची शेड घेतली आणि त्यात जुनं यंत्र आणून बसवलं. त्यात प्लॅस्टिकचे दाणे टाकायचे, ते आत वितळतात आणि वरच्या तोंडातून हवा भरून त्यांचा एक लांबलचक फुगा छताकडे चढत जातो. फुगा थंड झाला की चपटा करून गुंडाळायचा. साडू त्या दाण्यांत माती मिसळतात. खरोखरची माती, चिकणमातीचाच एक प्रकार, पण तिचे थर इतके पातळ की एका केसाच्या जाडीत हजारो मावावेत. यालाच नॅनो म्हणतात, हे मला ठाऊक होतं, कारण मी कोथरूडच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. तरी साडूंनी मला ते पहिल्यापासून समजावलं. "सर, शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवर तुम्हाला नाकासमोर चालता येतं का?" मी म्हटलं, नाही. "हवेचंही तेच. साध्या पिशवीतून ती नाकासमोर आरपार जाते. मातीचे हे पातळ कण आडवे पसरले की तिला वळसे घालत जावं लागतं. तेवढा वेळ आतला माल टिकतो. पण हे कण एकमेकांना चिकटून बसतात हो, दमट हवेत पापड चिकटतात तसे. त्यांना सुटं करणं, यातच सगळी विद्या आहे." हे प्रात्यक्षिक त्यांनी हळदीकुंकवाच्या दिवशी खऱ्या पापडांवर करून दाखवलं आणि ताईंचे अकरा पापड मोडले. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. माझी बायको तेव्हा म्हणाली, "जन्मभर मी तांदळातली माती निवडून टाकतेय, आणि भाऊजी ती पिशवीत घालतायत."

त्यांचं स्वप्न कोथिंबिरीचं होतं. द्राक्षं, आंबे यांच्यासाठी मोठमोठी माणसं झटत असतात, कोथिंबिरीला वाली नाही, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाली ती वरून घालते म्हणून तिची किंमत नाही, आणि घरोघर निम्मी जुडी कचऱ्यात जाते. तिच्यासाठी अशी पिशवी करायची की दहा दिवस ती ताजी राहील आणि पिशवी धुऊन पुन्हा वापरता येईल. "भाजी श्वास घेते, सर. मोकळी सोडली तर सुकते, फार कोंडली तर घाम धरते आणि कुजते. मधला नंबर शोधायचा." हा मधला नंबर शोधण्यासाठी त्यांनी स्वतःच्या घरच्या फ्रीजमध्ये एकोणीस पिशव्या ठेवल्या. ताईंना दूध ठेवायला जागा उरेना. ताई म्हणाल्या, "या फ्रीजमध्ये एक तर कोथिंबीर राहील, नाहीतर मी." साडूंनी शांतपणे फ्रीजकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू मावणार नाहीस." त्या दिवसापासून त्यांना घरच्या फ्रीजला हात लावायची बंदी झाली.

म्हणून ते दुसऱ्यांच्या फ्रीजच्या आश्रयाला आले. शेडमधला एक जुना फ्रीज, शेजारच्या बाईंचा एक आणि आमचा एक. तिन्हीकडे सारख्याच चार पिशव्या: एक नंबरमध्ये माती नाही, दोनमध्ये थोडी, तीनमध्ये अधिक, चारमध्ये सगळ्यात जास्त. प्रत्येकीत एक जुडी. खालच्या कप्प्यात ठेवायच्या, रोज सकाळी आठ वाजता न उघडता बघायच्या, रंग कसा, आत पाणी किती, ते वहीत लिहायचं, दहाव्या दिवशी उघडून वास घ्यायचा. वही त्यांनीच आखून आणली होती, पट्टीने, लाल आणि निळ्या शाईत. "शेजारीणबाई लिहितील काहीतरी," ते म्हणाले, "आणि शेडमध्ये वीज जाते. माझी खरी भिस्त तुमच्यावर. तुम्ही आयुष्यभर निरीक्षणं घेतलीत."

दुसऱ्याच दिवशी बायकोच्या भजनी मंडळाच्या नऊ जणी घरी आल्या. तिने फ्रीज उघडला, चार टवटवीत जुड्या दिसल्या, आणि तासाभरात त्यांच्या वड्या झाल्या. खुसखुशीत झाल्या होत्या. मीही चार खाल्ल्या, आणि चौथी तोंडात असताना मला वही आठवली. बायको हळहळली. "भाऊजींना आत्ताच फोन करा, पुन्हा आणून देतील." मी "करतो" म्हणालो. संध्याकाळी तिने विचारलं, "सांगितलंत ना?" मी "हो" म्हणालो. सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवायचं होतं असंही नाही. नुसता कंटाळा, आणि मनाच्या तळाशी एक तुच्छता: कोथिंबिरीच्या पिशवीने असं कुणाचं काय अडणार आहे?

दहा दिवसांनी साडूंचा फोन आला, "वही न्यायला येतोय." मी टेबलाशी बसलो आणि अर्ध्या तासात दहा दिवस लिहून काढले.

आता ज्याची सगळ्यात जास्त शरम वाटते ते सांगतो. ते काम मी उत्तम केलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली बनवलेली रीडिंगं मी एकतीस वर्षं पकडत आलो. एका मुलाची लंबकाची रीडिंगं फार सुबक आली म्हणून मी सगळ्या वर्गासमोर त्याचं जर्नल फाडलं होतं आणि म्हणालो होतो, "निसर्ग इतका नीटनेटका नसतो, गाढवा." त्यामुळे नीटनेटकं लिहायचं नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी दोन वेगवेगळी पेनं वापरली. एका सकाळी "८.२०, उशीर झाला" असं लिहिलं, आणि शेवटी "वास घेऊन जुड्या स्वयंपाकात वापरल्या" असंही. जितकी माती जास्त तितकी भाजी ताजी, असा सरळ चढता निकाल ठेवला, आणि तो फार सरळ दिसू नये म्हणून चार नंबरच्या पिशवीत सहाव्या दिवशी एक पान पिवळं केलं. एकच.

साडूंनी वही उभ्यानेच वाचली. सहाव्या दिवसापाशी थांबले. "हे पिवळं पान देठाजवळचं की टोकाचं?"

"टोकाचं," मी म्हणालो.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटत होतं चार नंबर घाम धरेल. शेडमध्ये धरला. शेजारीणबाईंनीही लिहिलंय, 'चार नंबर, आत पाणी, पानं काळी.' पण त्यांच्याकडे तीन नातवंडं दिवसभर फ्रीज उघडतात, आणि माझ्याकडे वीज नव्हती. नीट निरीक्षण तुमचं एकट्याचंच." वही मिटून ते म्हणाले, "माझा अंदाज चुकला, सर. मान्य करायला हवं." आपला अंदाज चुकल्याचा इतका निर्मळ आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी त्यांना चहा घेणार का विचारलं.

त्यांनी चार नंबरचा अख्खा रोल काढला. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावातली एक शेतकरी बाई कोथरूडच्या सोसायट्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी टेम्पोतून भाजी देते. साडूंनी तिला गाठलं. तिने एक वाफा कोथिंबीर त्यांच्या हवाली केली आणि सोसायट्यांच्या बायकांना सांगून ठेवलं की यंदा न सुकणारी कोथिंबीर आणते. चाळीस पिशव्या भरून तिच्या घरातल्या थंड खोलीत पाच दिवस ठेवल्या. उघडायच्या दिवशी साडू मला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. तिथे जमलेल्या चार शेतकऱ्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे सर. सगळी निरीक्षणं यांची."

पहिली पिशवी उघडली आणि खोलीत वास पसरला. दुसरीही तशीच. पानं काळी पडून एकमेकांना चिकटली होती आणि तळाला हिरवट पाणी साचलं होतं. बाईने तिसरी पिशवी स्वतः उघडली, आत बघितलं आणि म्हणाली, "काका, ही कोथमीर हाय का शेवाळ?" कुणी हसलं नाही. साडूंनी उरलेल्या सदतीस पिशव्या एकेक करून उघडल्या, कारण निरीक्षण अर्धवट सोडायचं नसतं. मग त्या बाईसमोर हात जोडले. "चूक माझी. माझं मिश्रण बिघडलं." ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत. मी शेजारी उभा होतो, आणि माझी नजर जमिनीवरून वर येईना.

परतताना धरणाच्या भिंतीजवळ त्यांनी स्कूटर थांबवली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे टिकली आणि इथे कुजली. तुमची नोंद तर चुकीची असणं शक्य नाही. म्हणजे माझ्या दोन मिश्रणांत फरक पडला. तो शोधला पाहिजे." मी "हं" म्हणालो. एवढ्या मोठ्या पाण्यासमोर माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

तो नसलेला फरक ते दीड महिना शोधत होते. मातीची गोणी बदलली, दाणे बदलले, यंत्राची उष्णता पुन्हा पुन्हा मोजली. मी रोज ठरवायचो की उद्या सांगू. शेवटी ताईंचा फोन आला, आणि त्या कधी नव्हे ते हळू आवाजात बोलल्या. "यंत्र विकायला काढतायत. गिऱ्हाईक उद्या बघायला येणार आहे. म्हणतात, एकच मिश्रण दोनदा केलं आणि दोनदा सारखं आलं नाही, म्हणजे हाताचा भरवसा गेला. तुम्ही जरा बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतात." मी फोन ठेवला, बायकोला सगळं खरं सांगितलं, तिने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ती झेलली, आणि रिक्षा करून धायरीला गेलो.

साडू यंत्र पुसत होते, विकायच्या आधी माणूस गाडी पुसतो तसं. मी दारातच म्हणालो, "ती कोथिंबीर मी बघितलीच नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या दिवशीच तिच्या वड्या झाल्या. वही मी बनवून लिहिली."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "चारही पिशव्यांची?"

"चारही."

"ते सहाव्या दिवसाचं पान?"

"तेसुद्धा."

ते स्टुलावर बसले. त्यांनी मला हाकलून द्यावं, निदान गाढव तरी म्हणावं, अशी मी मनातून वाट बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. "म्हणजे चार नंबर पहिल्यापासून घाम धरत होता."

"हो."

"म्हणजे माझी दोन्ही मिश्रणं सारखीच होती."

"हो."

"म्हणजे हात बरोबर आहे माझा!" ते उठले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला, मी पेढे घेऊन आल्यासारखा. डोळ्यांत पाणी आलं होतं. हसत होते. माणसाने कानाखाली वाजवली तर ती सोसता येते. हा आनंद मला सोसवत नव्हता. मग हसणं थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "दीड महिना झाला, सर."

तेवढंच म्हणाले. खाली ठेवलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "त्या बाईंना मी सांगू की तुम्ही?"

"मी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बसने गेलो. बाई वाफ्यात पाणी सोडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, फावड्याने पाणी दुसऱ्या सरीत वळवलं आणि मग बोलली. "मला वाटलं काकाच खुळं हायती. लई बोलले मी त्यांना मागनं, सगळ्या गावाम्होरं." फावडं बांधावर टेकवून म्हणाली, "तुमी तर शिकल्याली मान्सं." मी मान हलवली. काकांना पुन्हा यायला सांगा, पण आता रोजच्या रोज मीच बघणार, दुसऱ्याचं लिहिलेलं चालणार नाही, असं ती म्हणाली, आणि ते मी साडूंना शब्दशः पोचवलं.

यंत्र विकलं गेलं नाही. सध्या दोन आणि तीन यांच्या मधला नंबर शोधणं चालू आहे. परवा साडू आमच्याकडे आले, हातात नव्याने नंबर टाकलेल्या पिशव्या आणि आखलेली वही. मी सवयीने हात पुढे केला. ते गडबडले. त्यांच्यासारख्या माणसाला कुणाचा अपमान करणं जमत नाही. "अहो, तुम्हाला कशाला त्रास?" असं म्हणून त्यांनी वही माझ्या बायकोच्या हातात दिली. मग माझ्याशी चांगले तासभर गप्पा मारल्या, चहा घेतला, जाताना पाठीवर थाप मारली. मनात काही ठेवलेलं नाही त्यांनी. वही तेवढी दिली नाही.

आता रोज सकाळी आठ वाजता बायको फ्रीज उघडते, आणि मी तोवर स्वयंपाकघरात उगीच घोटाळतो. आयुष्यभर ज्यांची मला लाज वाटली, त्या माणसाने माझ्यावर एकदा एक काम सोपवलं होतं, हे तेव्हा हटकून आठवतं. काल तिला चष्मा सापडत नव्हता. "जरा वाचा हो, हा पिशवीवरचा नंबर कुठला?" मी पिशवी उजेडात धरली. म्हणालो, "तीन."

"नक्की तीनच ना?"

"तीनच."

तिने काही न लिहिताच वही मिटली, पेन त्यावर ठेवलं आणि ती चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेली. ती परत येईपर्यंत मी पिशवी तशीच उजेडात धरून उभा राहिलो.